किडनी निकामी, पण दाखला नाही: हिंगण्याच्या एका ठेका कामगाराचं प्रकरण

हे प्रकरण नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका ठेका कामगाराचं आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कामगाराला इथे दिनेशभाऊ म्हणू, त्यांच्या पत्नीला वनिताताई. त्यांची कागदपत्रं लावून देण्याच्या कामात मी होतो, पण सुरुवातीपासून नव्हतो. मी आलो तेव्हा चार महिने उलटून गेले होते.

पार्श्वभूमी

दिनेशभाऊ ४३ वर्षांचे. कारखान्यात बॉयलरला लागून असलेल्या खात्यात मदतनीस. २५ किलोची पोती उचलायची, हॉपरमध्ये रिकामी करायची, पाळी संपताना राख काढायची. पगार ठेकेदाराकडून, महिन्याला १७,४०० रुपये. त्यातून पीएफ कापला जायचा, ईएसआय म्हणजे कामगार राज्य विम्याचे पैसेही कापले जायचे. सहा वर्षं ते एकाच गेटातून आत जात होते, मात्र मध्ये एकदा ठेकेदार बदलला. गेट तेच, खातं तेच, फक्त पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव वेगळं. त्यांच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

घर जयताळ्याला, दोन खोल्यांचं. मुलगी बारावीत, मुलगा आठवीत. वनिताताई ब्लाउज, फॉल-पिको करून महिन्याला चार-पाच हजार मिळवतात. रेशनकार्ड केशरी. दिनेशभाऊंची आई काटोलजवळच्या गावी धाकट्या भावाकडे असते.

कारखान्यातल्या तपासणीत दोन वर्षांपूर्वीच रक्तदाब जास्त निघाला होता. गोळ्या काही दिवस घेतल्या, बरं वाटायला लागल्यावर बंद केल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये पाय सुजले, मग चेहरा. रात्री आडवं झालं की दम लागायचा. घराजवळच्या खासगी दवाखान्यात नेलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी निकामी होते तसं रक्तात वाढणारं द्रव्य, ११ होतं, हिमोग्लोबिन ६.८. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या दिसल्या. म्हणजे बिघाड आठवड्या-दोन आठवड्यांचा नव्हता, वर्षानुवर्षांचा होता. किडनीची गाळण्याची क्षमता १५ च्या खाली गेली की त्याला पाचवी पायरी म्हणतात. दिनेशभाऊ तिथे पोचलेले होते. मानेतून नळी टाकून तातडीने डायलिसिस झालं. पुढे डाव्या हातात फिस्टुला केला, म्हणजे रक्ताची धमनी आणि शीर जोडून सुया टोचायला जागा तयार केली. ती पिकायला दीडेक महिना लागला.

पहिल्या भरतीचं बिल सव्वा लाखाच्या वर गेलं. मंगळसूत्र गहाण पडलं. नंतर दुसऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्राने, म्हणजे तिथे सरकारी योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाने, केशरी कार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव घातलं आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस विनामूल्य सुरू झालं. उपचारांचा प्रश्न तिथे बराचसा सुटला. पगाराचा सुटला नाही, आणि हे प्रकरण पगाराचंच आहे.

काय अडलं

शेजारच्या घरी सिकलसेलचा मुलगा आहे. विदर्भात हा आजार घरोघरी माहीत असतो. त्या मुलाकडे दिव्यांग प्रमाणपत्र होतं, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र होतं आणि संजय गांधी निराधार योजनेचे पैसे येत होते. त्याच्या आईने वनिताताईंना सांगितलं, "आमच्या पोराचं होते, तर भाऊंचं काहून नाही होणार? त्यांचं तर जास्त आहे." तर्क अगदी सरळ होता. रक्ताच्या आजाराला दाखला मिळतो, मग ज्याचं रक्तच मशीनमधून गाळावं लागतं त्याला का नाही?

वनिताताई सायबर कॅफेत गेल्या. यूडीआयडीच्या ऑनलाइन अर्जात दिव्यांगत्वाचा प्रकार निवडावा लागतो. यादीत किडनी नव्हती. कॅफेतल्या मुलाने "दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार" हा पर्याय निवडला, कारण त्यात "दीर्घकालीन" होतं आणि दिनेशभाऊंच्या कागदांवरही सगळीकडे दीर्घकालीनच लिहिलेलं होतं. तपासणीची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. कुटुंबाने ते दोन महिने वाट पाहण्यात घालवले. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, धड उभं राहता येत नसताना, दिनेशभाऊ तपासणीला गेले. डॉक्टरांनी फाईल पाहिली आणि सांगितलं की हा आजार यादीत बसत नाही.

डॉक्टर बरोबर होते. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते २१ झाले. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार आले, पार्किन्सन आला, मल्टिपल स्क्लेरोसिस आला. मूत्रपिंडाचा जुनाट आजार आला नाही. यादीत भर घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, पण आज ती जागा रिकामी आहे. डायलिसिसवरच्या माणसाला केवळ त्या कारणासाठी हे प्रमाणपत्र मिळू शकत नाही. मधुमेहाने नजर गेली असेल किंवा पाय कापावा लागला असेल, तर त्या व्यंगासाठी वेगळा अर्ज करता येतो. दिनेशभाऊंना मधुमेह नव्हता. डोळे तपासून घेतले, नजर जवळपास ठीक निघाली.

परत येताना फाटकाबाहेर एका दलालाने गाठलं. "हाडाचा चाळीस टक्क्यांचा करून देतो," म्हणाला आणि भाव सांगितला. चाळीस टक्के हीच लाभांची किमान रेषा आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं. वनिताताई त्या रात्री झोपल्या नाहीत, असं त्यांनीच मला सांगितलं.

दरम्यान ठेकेदाराने हजेरीत ऑगस्टपासून "गैरहजर" लिहायला सुरुवात केली होती. नोव्हेंबरच्या शेवटी त्याचा सुपरवायझर घरी आला. बोलायला गोड होता. राजीनाम्यावर सही करा, पीएफचा हिशोब लवकर होईल, वरून पंधरा हजार देतो, असं म्हणाला. घरात किराण्याचे पैसे नव्हते.

समोर असलेले रस्ते

दिनेशभाऊंच्या खात्यातून निवृत्त झालेले एक काका, जुने युनियनवाले, यांनी वनिताताईंना माझ्याकडे पाठवलं. आम्ही तिघं बसलो आणि एकेक रस्ता तपासला. प्रत्येक कायदा वेगळा प्रश्न विचारतो, हे इथे पहिल्यांदा मोकळं झालं. दिव्यांग अधिनियम विचारतो, तुमचं व्यंग यादीत आहे का. ईएसआय विचारतं, तुम्ही विमाधारक आहात का आणि आमचा डॉक्टर तुम्हाला कामाला अपात्र म्हणतो का. पीएफची पेन्शन योजना विचारते, तुम्ही करत होता ते काम आता कायमचं अशक्य झालं का. निराधार योजनेचा मुख्य प्रश्न आहे, तुमच्या घरात पैसे किती येतात. कुटुंबाने चार महिने पहिल्याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यात घालवले होते.

दलालाचा रस्ता सगळ्यात आधी बाद केला. खोट्या दाखल्यावर दिव्यांगांचा लाभ घेतला किंवा घेण्याचा प्रयत्न केला, तर २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. दिनेशभाऊ म्हणाले, "बिमारी खरी आहे न बापा, मग कागद खोटा कायले?" विषय तिथेच संपला.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांखेरीज दुर्धर आजाराचे रुग्णही येतात. क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग "यांसारख्या" आजारांचा उल्लेख आहे आणि शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यावर किडनीचा रुग्ण त्यात बसवता येतो. अडतं ते उत्पन्नावर. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. महिन्याचे १,७५० रुपये. नागपुरात एवढ्यात दोन खोल्यांचं भाडंही भागत नाही. ही मर्यादा खरीखुरी पाळायची तर योजनेत फार थोडी घरं उरतील, आणि उत्पन्नाचे दाखले कसे तयार होतात हे तहसीलच्या आवारात उभं राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दिव्यांगांसाठी हीच मर्यादा ५०,००० आहे. तेव्हा अनुदान महिन्याला १,५०० होतं. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ते २,५०० झालं. म्हणजे दिव्यांग दाखला नसल्याचा फटका दोन्हीकडून बसतो. वनिताताईंच्या शिलाईचे पैसेच वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास जात होते. अर्ज करायचा नाही असं ठरलं.

पीएफसोबतच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत कायमच्या पूर्ण अपंगत्वाची पेन्शन आहे. तिला दहा वर्षांची नोकरी लागत नाही, एक महिन्याचं अंशदान, म्हणजे पगारातून कापून भरलेली वर्गणीही पुरते. अपंगत्व नोकरीत असताना आलेलं असावं आणि पीएफ संघटना नेमेल त्या वैद्यकीय मंडळापुढे तपासणी व्हावी, एवढ्याच अटी. ते कामावरच्या अपघातातूनच यायला हवं असं नाही. काकांना हा रस्ता आवडला होता. हिशोब केला: सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. दिनेशभाऊंचा पीएफ लागणारा पगार साडेबारा हजारांच्या घरात होता. सहा वर्षांची पेन्शन हजार-अकराशे निघत होती. त्यासाठी "हा माणूस कायमचा पूर्ण निकामी" असा शिक्का मारून घ्यावा लागणार होता, आणि दिनेशभाऊंच्या मनात प्रत्यारोपण होतं, त्यानंतर काम होतं.

राजीनामा आणि पंधरा हजार हा रस्ता त्या आठवड्यात सगळ्यात जवळचा वाटत होता. रोख होती आणि लगेच होती.

उरला ईएसआय. कार्ड घरात होतं, पण "तिथे गोळ्या भेटते फक्त" या समजुतीने कोणी बाहेर काढलंच नव्हतं.

ईएसआयकडून काय मिळू शकत होतं

विमाधारक कामगार आजारी पडून कामावर जाऊ शकत नसेल, तर आजारपण लाभ मिळतो. सरासरी रोजच्या मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी आधीच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचं अंशदान हवं. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे हे काळ मोजले जातात, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या अंशदानावर पुढच्या जुलै ते डिसेंबरमधले लाभ मिळतात. ऑगस्टमध्ये आजारी पडलेल्या दिनेशभाऊंचं मागच्या हिवाळ्यातलं अंशदान पूर्ण होतं.

खरी गोष्ट त्यापुढे आहे. ईएसआय महामंडळाकडे ३४ दीर्घ आजारांची यादी आहे. क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात, काही हृदयविकार, मानसिक आजार आणि मूत्रपिंड कायमचं निकामी होणं हे त्यात आहे. यादीतला आजार असेल, तर ९१ दिवस संपल्यावर विस्तारित आजारपण लाभ सुरू होतो. मजुरीच्या ८० टक्के, आणि वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीने टप्प्याटप्प्याने कमाल दोन वर्षांपर्यंत. अट अशी, की आजाराचं निदान होताना माणूस किमान दोन वर्षं सलग विमापात्र नोकरीत असावा आणि त्या दोन वर्षांत १५६ दिवसांचं अंशदान भरलेलं असावं.

तिसरी गोष्ट काकांना तोंडपाठ होती: तेव्हाच्या ईएसआय कायद्याचं कलम ७३. आजारपण लाभ मिळत असताना मालक कामगाराला काढू शकत नाही, शिक्षा करू शकत नाही. मात्र हे संरक्षण लाभ सुरू असलेल्याला किंवा नियमाप्रमाणे आजाराचं प्रमाणपत्र घेतलेल्यालाच आहे. ज्याने दावाही केलेला नाही आणि प्रमाणपत्रही घेतलेलं नाही, त्याच्यासाठी ते कलम कागदावर आहे.

राजीनाम्याचा निर्णय या एका मुद्द्यावर फिरला. सही केली असती, तर दिनेशभाऊंनी आपल्या हाताने नोकरी संपवली असती आणि कामगार म्हणून मिळणारं संरक्षणही. पंधरा हजारांच्या बदल्यात दोन वर्षांचा ऐंशी टक्के पगार धोक्यात टाकायचा का, असं विचारल्यावर वनिताताई म्हणाल्या, "मग सही नाही. मी अजून चार ब्लाउज शिवून घेईन." सुपरवायझरला "विचार करून सांगतो" इतकंच कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी ईएसआय दवाखान्यात जायचं ठरलं.

काय केलं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिनेशभाऊंनी दवाखान्यात नाव दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी अपात्रतेचं पहिलं प्रमाणपत्र दिलं आणि सोमवारीपेठेतल्या ईएसआय रुग्णालयात पाठवलं. तिथून संलग्न रुग्णालयात डायलिसिसचं पत्र मिळालं. फुले योजनेतून इकडे आल्यावर हिमोग्लोबिनची इंजेक्शनं आणि रोजच्या गोळ्याही विम्यातून मिळू लागल्या. महिन्याचा औषधांचा खर्च तिथे वाचला.

पहिला दावा शाखा कार्यालयात दिला आणि तो परत आला. कारण, विमा क्रमांकावर नोकरी जेमतेम सतरा महिन्यांची दिसत होती.

ठेकेदार बदलला तेव्हा नव्या ठेकेदाराने दिनेशभाऊंची जुनी नोंद शोधण्याची तसदी न घेता नवा विमा क्रमांक काढला होता. एकाच माणसाचे दोन क्रमांक झाले होते. आजारपण लाभाचे ९१ दिवस नव्या क्रमांकावर निघत होते, विस्तारित लाभाची दोन वर्षांची अट मात्र पूर्ण होत नव्हती. ठेक्याच्या कामगारांत हे इतकं सर्रास आहे, की मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो.

जुना ठेकेदार शहर सोडून गेला होता, त्याच्याकडून पत्र मिळणं अशक्य. मग पीएफ उपयोगी पडला. पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा क्रमांक, मात्र दोन्ही ठेकेदारांनी एकच ठेवला होता. पासबुकात महिन्यामागून महिना नोंद होती, मध्ये एकही रिकामा महिना नाही. ते पासबुक, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, कारखान्याचे जुने गेटपास आणि आधार अशी जोडणी करून दोन्ही क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज दिला. शाखेतल्या एका लिपिकाने सुचवलं, की कारखान्याच्या मुख्य कंपनीकडून "हा कामगार आमच्या आवारात सलग काम करत होता" असं पत्र आणा. कंपनीच्या कार्मिक विभागाने ते दोन दिवसांत दिलं. ठेकेदाराला भिऊन आम्ही मूळ कंपनीकडे गेलोच नव्हतो.

दुसरं काम डॉक्टरांच्या पत्राचं. आधीच्या प्रमाणपत्रावर होतं: "रुग्ण डायलिसिसवर आहे, विश्रांतीचा सल्ला." वैद्यकीयदृष्ट्या त्यात चूक नाही. पण मंडळापुढे बसलेल्या डॉक्टरला त्यातून कळत नाही, की हा माणूस नेमकं कुठलं काम का करू शकत नाही. डायलिसिसवर असलेले कितीतरी लोक टेबलावरची कामं करतात. आम्ही किडनीतज्ज्ञांना दिनेशभाऊंच्या कामाचं अर्ध्या पानाचं वर्णन लिहून दिलं: पोत्याचं वजन, पाळीत किती पोती, बॉयलरजवळचं तापमान, रात्रपाळ्या. त्यावरून त्यांनी नवं पत्र दिलं. फिस्टुला असलेल्या डाव्या हाताने वजन उचलायचं नाही, त्या हातावर दाब येऊ द्यायचा नाही, तो बंद पडला तर पुन्हा शस्त्रक्रिया. दिवसभरात पाणी आणि सगळे द्रवपदार्थ मिळून साधारण एक लिटर, त्यामुळे उष्णतेच्या जागी काम धोक्याचं. डायलिसिसनंतर रक्तदाब पडतो, त्या दिवशी यंत्राजवळ उभं राहू नये. हिमोग्लोबिन अजून ८ च्या खाली.

नागपूरचा मे महिना ज्याने पाहिला आहे, त्याला एक लिटर पाण्याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा निरोगी माणूसही रस्त्यावर दर चौकात पाणी शोधतो. दिनेशभाऊ बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचे आणि तोही मोजून. मंडळातल्या डॉक्टरांनी पत्रातला तो मुद्दा वाचून विचारलं, "बॉयलरपाशी होता का तुम्ही?" त्यानंतर फार प्रश्न झाले नाहीत.

तिसरं, ठेकेदाराला पत्र. लाभ सुरू झाल्याची तारीख, विमा क्रमांक आणि कलम ७३ चा उल्लेख, एवढंच. भाषा भांडणाची नव्हती. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि पोच जपून ठेवली. सुपरवायझर परत आला नाही.

ऑगस्ट ते नोव्हेंबरचे दिवस मात्र अडून राहिले. त्या काळात ईएसआय डॉक्टरचं प्रमाणपत्र नव्हतं. परिस्थिती तशी असेल तर महामंडळ दुसऱ्या डॉक्टरांचा पुरावा मान्य करू शकतं, पण तो त्यांच्या विवेकाचा भाग आहे. डिस्चार्ज कार्ड आणि डायलिसिसच्या नोंदवहीची प्रत लावून अर्ज केला. रुग्णालयात भरती असलेले दिवस मान्य झाले. मधले दिवस मान्य झाले नाहीत.

निष्पत्ती

सरासरी रोजची मजुरी ५८० रुपये धरली गेली. आजारपण लाभाचे रोज ४०६ रुपये आले. मार्च २०२४ मध्ये दोन्ही विमा क्रमांक जोडले गेले आणि विस्तारित लाभ मंजूर झाला: रोज ४६४, महिन्याला साधारण १३,९००. मध्ये दोनदा प्रमाणपत्राची तारीख चुकली आणि पैसे थांबले. ते पुढच्या महिन्यात मिळाले. प्रमाणपत्रं आणण्याची जबाबदारी मुलीने घेतली, कारण डायलिसिसच्या दिवशी वडिलांना जमत नव्हतं आणि आईची मशीन थांबली की घर थांबत होतं. मंगळसूत्र त्या दिवाळीत सुटलं.

काटोलला आईकडे जायला एसटीची डायलिसिस रुग्णांची सवलत मिळाली. किडनीचा रुग्ण म्हणून, यूडीआयडीशिवाय, प्रवासात हाती लागलेली ही एक गोष्ट. रेल्वेतही डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि एका सोबत्याला सवलत आहे, ती त्यांना अजून लागलेली नाही. आईच्या गावी संत्र्याची बाग आहे, पण संत्र्यात पोटॅशियम जास्त, त्यामुळे तो मेवा आता पोरांपुरताच.

प्रत्यारोपणाचं मात्र पुढे सरकलं नाही. वनिताताईंचा रक्तगट जुळला नाही. आई द्यायला तयार होती, तिला मधुमेह निघाला. नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव लागलं आहे. खर्चाचा प्रश्न तिथे फारसा आडवा येणार नाही. ईएसआय आहे, आणि नसलं तर फुले योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा आता साडेचार लाख आहे. अडसर अवयवाचा आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यानंतर दिनेशभाऊ कामावर परतले, बॉयलरला नाही तर वजनकाट्यावर. मूळ कंपनीच्या कार्मिक विभागाने, ज्याने ते पत्र दिलं होतं, ठेकेदाराला तसं सांगितलं. पगार बारा हजारांवर आला. डायलिसिसचे दोन दिवस बिनपगारी. लाभाचे काही दिवस शिल्लक असताना त्यांनी स्वतःहून कामाला पात्र असल्याचं अंतिम प्रमाणपत्र घेतलं. अंशदान पुन्हा सुरू झालं तर विमा चालू राहतो आणि विमा चालू राहिला तर डायलिसिस, हा त्यांचा हिशोब.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महाग पडले ते ऑगस्ट ते नोव्हेंबर. पहिल्या भरतीच्या वेळी कोणी एकाने ईएसआय दवाखान्यात कागद दाखवले असते, तर सव्वा लाखाचं बिल आणि तीन महिन्यांचा लाभ या दोन्ही गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या. डायलिसिस विभागात आरोग्यमित्र असतो, तो त्याची योजना चोख सांगतो. पगार कापून घेणाऱ्या योजनेबद्दल बोलायला तिथे कोणी नसतं. "तुमचा ईएसआय कापतात का?" हा एक प्रश्न भरतीच्या अर्जावर असायला हवा, असं मला वाटतं.

यूडीआयडीच्या मागे जाणं ही चूक म्हणायला मी तयार नाही. शेजारणीचा सल्ला समजुतीचा होता. पण अर्ज भरण्याआधी २१ प्रकारांची यादी एकदा वाचली असती, तर दोन महिन्यांची वाट वाचली असती. कॅफेतल्या मुलाने "यादीत नाही" म्हणून परत पाठवलं असतं, तर तो उपकार झाला असता.

ठेकेदार बदलताना विमा क्रमांक तोच राहिला का, हे त्याच महिन्यात पाहणं सोपं होतं. आजारी पडल्यावर तेच काम तीन महिने खातं.

मतभेद उरला तो पेन्शनवरून. काकांचं म्हणणं अजून तसंच आहे: विस्तारित लाभ चालू असतानाच कायमच्या अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज टाकायला हवा होता. हजार का होईना, जन्मभर येतात, आणि वजनकाट्याची नोकरी उद्या राहीलच याची खात्री कोण देतो? माझं म्हणणं असं, की एका हाताने "कायमचा पूर्ण अपंग" लिहून घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने वजनकाट्यावर सही करायची, हे टिकलं नसतं. नोकरी गेली असती, तिच्यासोबत विमा गेला असता. दिनेशभाऊ दोघांचंही ऐकून घेतात. सध्या त्यांना जास्त काळजी वेगळीच आहे. मार्चमध्ये ठेक्याची मुदत संपते, आणि नवा ठेकेदार कोण येतो हे कोणालाच माहीत नाही. त्यांनी आपला विमा क्रमांक आणि यूएएन एका कागदावर लिहून कार्मिक विभागात आत्ताच देऊन ठेवला आहे.